मागचा पाव फेरा

भिंगरी जिना चढायला लागली की घरात सगळ्यांना कळायचं. डावं पाऊल टप वाजायचं, उजवं ठक. टप-ठक, टप-ठक, असे दोन मजले. डाव्या पायात साधी चप्पल आणि उजव्या पायात बूट, त्याच्या तळाला तीन बोटं जाडीचं लाकूड ठोकलेलं. जिन्याच्या वरच्या टोकाला, गॅलरीच्या कोपऱ्यात, तिच्या आजोबांचं कामाचं टेबल होतं. मान वर न करता ते म्हणायचे, "आली आमची भिंगरी."

हे नाव पाय बिघडायच्या आधीचं. तेव्हा ती एका जागी ठरत नसे. मग पाय बिघडला, पण नाव तेच राहिलं.

आजोबांनाही गल्लीत कोणी नावानं हाक मारत नव्हतं. फिटर म्हणायचे. सगळा जन्म कारखान्यात गेला, तिथून सुटल्यावर लोक घरी कामं आणू लागले. कुणाचा पंप, कुणाचं कुलूप, कुणाचं शिलाई यंत्र. फिटरच्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही, असं लोक म्हणायचे आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

घरात मात्र त्याच्या हाताबद्दल एक तक्रार होती.

"बाबा, तुम्ही लावलेलं झाकण म्हणजे मुंग्यांना आमंत्रण," भिंगरीची आई, त्याची सून, म्हणायची. साखरेची बरणी उचलायला जावं तर झाकण हातात आणि बरणी खाली.

"घट्ट लावतो की मी."

"लावता घट्ट. मग परत सैल कशाला करता?"

"मी? काहीतरीच तुझं." आणि फिटर हसून पुन्हा कामाला लागायचा. सून घरी बसून शिवणकाम करायची, दिवसभर मान खाली, डोळे सुईत. अशी बाई जरा चिडचिड करणारच, असं त्याला वाटायचं. मुलगा बोटीवर नोकरीला. घरात काय ती ही तीन माणसं.

भिंगरी लहान असताना तिच्या गुडघ्याखाली हाडात पू झाला होता. ताप उतरला, जखम भरली, सगळ्यांना वाटलं संकट टळलं. मग वर्षामागून वर्षं गेली. डावा पाय वाढत गेला, उजवा मागे राहिला. बुटाच्या तळाखालचं लाकूड दरवर्षी थोडं जाड होत गेलं. पोर सोळाची झाली तेव्हा तिची कंबर एका अंगाला झुकलेली होती आणि पाठ दुखत होती.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला भिंतीशी उभं केलं. आखूड पायाखाली एकेक लाकडी फळी सरकवत गेल्या, कंबर सरळ होईपर्यंत. मग त्या फळ्यांच्या चळतीकडे बघून म्हणाल्या, "नुसता पायाचा प्रश्न नाही हा. पाया तिरका असला की वरचं घरही तिरकं होतं. उद्या कणा वाकेल."

"माझा पाय वाढायचा का थांबला?" भिंगरीनं विचारलं. हा प्रश्न तिनं घरात कधी विचारला नव्हता.

"आईच्या पोटात बाळाचं हाड हाड नसतंच," बाई म्हणाल्या. "कानाचा वरचा भाग दाबून बघ. वाकतो ना? तसली मऊ कूर्चा असते. हळूहळू तिच्यात चुना भरतो आणि ती टणक होते. पण लांब हाडांच्या टोकांशी एक पट्टी बरीच वर्षं कच्ची राहते. माणूस उंच होतो तो त्या पट्टीमुळे. तुझी इथली पट्टी त्या पुवानं जाळली. हाड जिवंत आहे, चांगलं आहे. फक्त वाढायचं विसरलंय."

"मग आता?"

"आता त्याला फसवायचं."

फिटर खुर्चीत पुढे सरकला.

बाईंनी समजावलं ते असं. नडगीचं हाड काळजीपूर्वक कापायचं. वर आणि खाली लोखंडी कडी बसवायची, ती बारीक तारांनी हाडाला पकडलेली, आणि दोन्ही कड्यांच्या मध्ये आटे असलेल्या चार दांड्या. हाड कापलं की शरीराला वाटतं मोडलं. ते जोडायला धावतं. आधी तिथे रक्त साकळतं, मग त्यातून नवं कोवळं हाड धरू लागतं. नेमकं तेव्हा नट फिरवून दोन्ही टोकं रोज किंचित लांब करायची. शरीर भरत राहतं, आपण लांब जात राहायचं.

"घाई केली तर मध्ये पोकळी राहते," बाई म्हणाल्या. "आणि मागे पडलो तर हाड आपल्याला न विचारता जुळून मोकळं होतं. मग ओढताच येत नाही. एका वेळी पाव फेरा, दिवसातून चार वेळा. कमी नाही, जास्त नाही. घरी कोण करणार?"

फिटरनं टेबलावर ठेवलेली नमुन्याची दांडी उचलली, उजेडात धरली, अंगठ्याच्या नखानं आटे चाचपले. "बारीक आटे आहेत. कामही साफ आहे," तो म्हणाला. "मी करीन."

"नशीब बघा," बाई हसल्या, "घरातच फिटर. नाहीतर पाना कसा धरायचा ते शिकवण्यात आमचे दिवस जातात."

परत येताना जिन्यात भिंगरी थांबली. "आजोबा, हे झालं तर बूट सुटेल?"

"सुटेल."

"नक्की?"

"पाना माझ्या हातात आहे ना?"

शस्त्रक्रिया झाली. पहिले नट दवाखान्यातल्या सिस्टरनं फिरवले, तेही फिटरला समोर उभं करून. प्रत्येक नटाच्या एका बाजूला तिनं लाल नखपॉलिशचा ठिपका लावला होता. ठिपका इथून इथे आला की पाव फेरा. फिटरनं मान डोलावली. मग भिंगरी घरी आली. सुनेनं तिच्यासाठी घेरदार परकर शिवले होते, त्या लोखंडी पिंजऱ्यावरून सहज उतरतील असे. पाना तिच्या उशाशी, कापडात गुंडाळून.

सकाळी तोंड धुतल्यावर, दुपारी, दिवेलागणीला आणि निजायच्या आधी. फिटर हात साबणानं धुवायचा, कारखान्यात कधी धुतले नव्हते इतके. तारा जिथे कातडीत शिरत तिथे सून औषधाचा बोळा फिरवायची. मग तो पलंगाच्या कडेला बसायचा.

"आजोबा, तेल घाला आधी. करकरेन मी."

"तुला कशाला तेल? जीभ चालते तशी सगळीकडून चालतेस."

नट फिरवताना विशेष दुखत नसे. दुखायचं ते नंतर. हाड मुकाट्यानं वाढत होतं, पण कातडी, स्नायू, शिरा यांना कोणी विचारलेलं नव्हतं. पोटरी दोरीसारखी ताणली जायची. भिंगरी पलंगाचा गज घट्ट धरायची आणि खिडकीबाहेर बघायची. ती रडली की सून शिवणयंत्र जोरात चालवायची, आवाज झाकायला.

रोजच्या बोळ्यानं नटांवरचे लाल ठिपके पुसट झाले, मग गेलेच. सून आपली नखपॉलिशची बाटली घेऊन आली. "परत लावून देऊ का?"

"ठेव ती," फिटर म्हणाला. "शिकाऊ पोरांच्या नटाला खुणा करतात. माझ्या मनगटात पाव फेरा बसलाय."

सुनेनं बाटली ठेवून दिली. तिलाही ते पटलं होतं. या हातानं केलेलं काम कधी परत आलं होतं का?

दवाखान्यात तपासणीचा दिवस आला. भिंगरी कुबड्यांवर, सून पिशवी धरून, फिटर धुतलेल्या सदऱ्यात. एक्स-रे निघाला. बाईंनी तो प्रकाशाच्या पेटीवर लावला. मग पट्टी घेऊन आल्या, दोन कड्यांमधलं अंतर मोजलं. परत मोजलं.

"जेवढं व्हायला हवं होतं, त्याच्या जेमतेम निम्मं झालंय."

सुनेनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"नट फिरवायचे राहिलेत, नाहीतर कुणीतरी उलटे फिरवतंय." त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "हे बघा. मधली जागा भरून पिकायला लागलीये. हाड दोन्हीकडून जुळत आलंय. अजून पुरतं बंद झालेलं नाही, पण होईल. झालं की परत भूल, परत कापायचं. सगळं पहिल्यापासून. आणि तेवढं सोसवणार नाही वाटलं तर आहे तिथे थांबायचं, बूट ठेवायचा."

सुनेच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आणि मग ते सगळं एकदम परत आलं. ती पोरीकडे वळली.

"तूच ना? पाना उशाशीच असतो. दुखतं म्हणून मागे फिरवून ठेवतेस. मी तिकडे डोळे फोडून शिवतेय, आजोबा चार-चार वेळा हात धुतायत आणि तू… बोल की! तोंड शिवलंय का तुझं?"

भिंगरीनं आजोबांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"नाही," ती हळूच म्हणाली.

"मग काय भुतं येऊन फिरवतात?"

"सूनबाई, तिला बोलू नकोस," फिटर म्हणाला. पण त्याच्याही मनात तेच होतं. दुसरं काय असणार? फेरा त्यानं स्वतः दिला होता, एकही वेळ चुकवली नव्हती. तो पोरीच्या शेजारी वाकला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "दुखत होतं तर मला सांगायचंस गं. मी रागावलो असतो का?"

त्या मायेपुढे भिंगरीचा धीर सुटला. आईच्या ओरडण्यानं आलं नव्हतं ते पाणी डोळ्यांत आलं. ती म्हणाली, "चुकलं, आजोबा."

सुनेनं कपाळाला हात लावला. फिटरनं सुस्कारा सोडला. कोडं सुटलं होतं.

डॉक्टरीणबाई मात्र पोरीच्या तोंडाकडे बघत होत्या. बऱ्याच मुलांनी त्यांच्यापुढे अशी कबुली दिली असेल, खरी आणि खोटी. त्या म्हणाल्या, "आजोबा, आता दुपारचा फेरा व्हायचाय ना? इथेच द्या. बघू तरी."

फिटरनं हात धुतले. पाना पहिल्या नटाला लावला, सरावानं, न बघता. मनगट पुढे गेलं आणि थांबलं. पाना निघाला. दुसरा नट.

"थांबा," बाई म्हणाल्या. "परत करा. सावकाश."

त्यानं दुसऱ्या नटाला पाना लावला. मनगट पुढे गेलं, थांबलं आणि पाना काढता काढता जरासं मागे आलं. बाईंनी वरच्यावर त्याचं मनगट धरलं.

"हे मागे कशाला?"

"काय मागे?"

"आत्ता मागे घेतलात तो."

"मी नाही घेतला."

"आजोबा, तुमचा हात माझ्या हातात आहे."

फिटरनं आपल्या हाताकडे पाहिलं. पाना अजून नटावर होता. त्यानं पुन्हा, अगदी लक्ष देऊन, फेरा दिला. मन हातावर पहाऱ्याला बसवलं तरी शेवटी मनगटाला एक ओढ लागली, पाण्याच्या उतारासारखी, मागे. या वेळी त्याला ती दिसली.

मागे उभ्या असलेल्या सुनेच्या तोंडून एकच शब्द निघाला. "झाकणं."

फिटर खुर्चीत बसला. "आटे पाडताना असं करतात," तो म्हणाला. "लोखंडात भोक पाडलं की आत टॅप नावाचं हत्यार घालून आटे कापायचे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतलं की लोखंडाचा कीस तुटून पडतो. नाही घेतलं तर कीस अडकतो आणि टॅप आतच मोडतो. मग सगळा जॉब भंगारात. माझा पहिला मोडला तेव्हा उस्तादानं हातावर पाना मारला होता. त्यानंतर एकही मोडला नाही." मग त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा होता, "बाई, इथला कीस कुठे जातो?"

"इथे कीस नाही, आजोबा," बाई म्हणाल्या. "इथे काही कापलं जात नाही. इथे भरलं जातं."

बाहेर बाकावर तो आणि भिंगरी दोघंच बसले. सून औषधांच्या खिडकीपाशी गेली होती. समोरून पायाला पांढरं प्लास्टर घातलेला एक माणूस चाकाच्या खुर्चीतून गेला.

"तुला माहीत होतं?" फिटरनं विचारलं.

"हं."

"पहिल्यापासून?"

"घरी आल्यापासून. सिस्टर फिरवायची तेव्हा पाना मागे नाही यायचा."

"मग 'चुकलं' कशाला म्हणालीस?"

भिंगरी कुबडीच्या मुठीवरचं रबर नखानं उचकटत राहिली. "मागे यायचा ना, तेव्हा जरा बरं वाटायचं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करता. मला दुखतं म्हणून. डॉक्टरांपुढे तुमचं नाव कसं घेऊ?"

फिटरला वाटलं, हो म्हणावं. दया आली म्हणून केलं असं म्हटलं तर पोरीला बरं वाटेल, आपलीही लाज राहील. पण जी पोर त्याच्यासाठी एवढ्या माणसांत खोटं बोलली होती, तिच्यापुढे त्याला खोटं बोलवेना.

"दया नव्हती गं ती," तो म्हणाला. "सवय होती."

बाईंनी ठरवलं ते असं. हाड अजून कोवळं आहे तोवर काही दिवस फेरे वाढवायचे. सुटलं तर सुटलं. सुटताना जोरात दुखेल, कदाचित आवाजही येईल, तसं झालं की लगेच घेऊन यायचं. नाहीच सुटलं तर शस्त्रक्रियेच्या खोलीत.

घरी आल्यावर पहिल्या फेऱ्याची वेळ झाली. सुनेनं न विचारता नखपॉलिशची बाटली काढली आणि प्रत्येक नटाला असा जाड ठिपका दिला की बोळ्याच्या सात पिढ्या आल्या तरी पुसला जाऊ नये. मग तिनं पाना सासऱ्यापुढे धरला.

फिटरनं तो घेतला नाही.

"बाबा, आता ठिपके आहेत. चुकायचं नाही."

"हात माझं ऐकत नाही," तो म्हणाला. "तू फिरव."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं. आईच्या हातानं…" ती तिथेच थांबली.

"द्या इकडे," भिंगरी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझा पाय आहे. द्या."

ती उठून बसली, परकर बाजूला सारला, पाना नटाला लावला. फिटर शेजारी स्टुलावर बसला आणि दोन्ही हात त्यानं स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"पाना आडवा धर. तिरका नको, घसरेल. हिसका द्यायचा नाही, नुसतं वजन टाकायचं."

"असं?"

"अस्सं. ठिपका कुठे आला?"

"आला."

"काढ पाना. सरळ वर उचल."

पाना सरळ वर आला. मागे काही गेलं नाही. भिंगरीनं दात आवळले आणि दुसऱ्या नटाला लावला.

पुढचे दिवस कठीण गेले. नट जड जाऊ लागले. पूर्वी पाना दोन बोटांनी फिरायचा, आता तळहाताची ताकद लागे. तारा ताणल्या गेल्या होत्या. फिटर नखानं तार छेडून बघायचा, तिचा स्वर दर खेपेला चढत होता. लोखंड तिकडे ओढतंय आणि हाड इकडे धरून बसलंय, एवढं त्याला स्वरावरून कळायचं. कोण आधी सोडणार ते कळत नव्हतं. भिंगरीचं जेवण सुटलं. थट्टा बंद झाली. फेरा देताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे आणि फिटरचे हात मांडीखाली बधिर होऊन जायचे. घ्यावा का पाना हातातून? पण हाच हात होता ना, ज्यानं पोरीच्या हाडाला जुळायला वेळ दिला?

एकदा ती रडत म्हणाली, "आजोबा, एकदाच मागे घ्या ना. थोडंसं."

त्याचे हात मांडीखालून निघालेच होते. त्यानं ते पुन्हा खाली दाबले.

"नाही," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं या पोरीला नाही म्हटल्याचं सुनेला आठवत नव्हतं. तिचं शिवणयंत्र थांबलं. "पुढेच जायचं. मी इथेच आहे."

एका दुपारी तिसऱ्या नटाचा ठिपका जागेवर येतो न येतो तोच पायात कट् असा आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. भिंगरी अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. फिटरनं तिला उचललं. त्या वयात त्याला तेवढं वजन कसं पेललं ते त्यालाच ठाऊक नाही.

दवाखान्यात बाईंनी नवा एक्स-रे लावला. नव्या हाडाच्या पांढुरक्या ढगात मधोमध एक काळी रेघ आली होती.

"सुटलं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसल्या.

मग पुन्हा जुन्या चालीनं, दिवसातून चार वेळा, पाव फेरा. पाना भिंगरीच्या हातात, आजोबांचे हात मांडीखाली. दर तपासणीला फिटर एक्स-रेसमोर उभा राहायचा आणि बाई बोट ठेवून दाखवायच्या. आधी सुटलेल्या टोकांच्या मध्ये काहीच नव्हतं. मग धुकं आलं. मग त्या धुक्यात बारीक उभे धागे दिसू लागले, वरून खाली, ज्या दिशेनं ओढलं त्याच दिशेनं लागलेले. "यांना कुणी सांगितलं उभं लागायचं?" फिटरनं विचारलं. "ओढीनं सांगितलं," बाई म्हणाल्या.

ओढायचं संपलं तरी पिंजरा पायातच राहिला. हाड पिकायला वेळ हवा होता. फिटरच्या मनात आलं, ओतीव काम गार होईपर्यंत हलवू नये, तसं पोरीला निजवून ठेवावं. पण या खेपेला त्यानं मनाचं ऐकलं नाही. तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, "मी लोखंडातला माणूस. माझ्या मनानं काही करणार नाही. सांगाल ते."

"चालवा तिला."

"कच्च्या हाडावर?"

"आधाराला पिंजरा आहेच. हाडाला भार कळला की कुठे घट्ट व्हायचं ते कळतं त्याला. नुसतं निजवून ठेवलं तर आलेलं हाडही शरीर परत काढून घेतं. त्याला वाटतं, लागत नाही वाटतं याचं काम."

तेव्हापासून गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंगरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी दोन कुबड्या, मग एक, मग भिंत धरून. फिटर टेबलापाशी बसून पंप उघडायचा आणि मध्येच ओरडायचा, "भार दे, भार दे! काय पाहुण्यासारखा टेकवतेस पाय?"

"तुम्ही घाला हा पिंजरा आणि चाला."

"मला कशाला? मी आधीच लांब आहे."

पिंजरा निघाला त्या दिवशी बाईंनी तिला पुन्हा भिंतीशी उभं केलं, अनवाणी. फळ्यांची चळत शेजारी होती. बाईंनी एकही जाड फळी घेतली नाही. वाकून बघितलं, मग अगदी पातळ, पुठ्ठ्याएवढी एक पट्टी घेऊन टाचेखाली सरकवली. कंबर सरळ झाली.

"एवढं राहिलं," त्या म्हणाल्या. "घाईच्या दिवसांत शिरा फार ताणल्या होत्या, बोटांना मुंग्या यायला लागल्या, म्हणून थोडं आधी थांबलो. एवढा फरक बऱ्याच जणांच्या पायांत असतो. त्यांना पत्ताही नसतो. बूट नको आता."

फिटर त्या पट्टीकडे बघत राहिला. घाईचे दिवस कुणामुळे आले ते कुणी बोललं नाही.

भिंगरीनं वाकून टाचेखालची पट्टी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. "कीस कुठे जातो विचारत होतात ना? हा तुमचा कीस."

सुनेनं तिला चापट मारायला हात उचलला. पण फिटर हसत होता. हसता हसता त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, फिटर गॅलरीत एका कुलपात डोकं घालून बसला होता. जिन्यावर पावलं वाजली. टप, टप, टप. कुणीतरी सरळ पायांचं माणूस वर येत होतं, भराभर. असेल कुणीतरी काम घेऊन आलेलं. त्यानं मान वर केली नाही.

"कोण आहे? पंप असेल तर उद्या या."

पावलं चढतच होती. फिटरचा हात थांबला. त्यानं कान दिला. टप आणि टप, पण दुसरा टप पहिल्यापेक्षा किंचित हलका पडत होता. पुठ्ठ्याच्या जाडीएवढा. दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतका.

त्यानं कुलूप टेबलावर ठेवलं.

"आली," तो म्हणाला. "आली आमची भिंगरी."